ड्रमवरची जोडी

चौसष्ट सालच्या मार्चमध्ये कॉलेजनं लालासाहेबाचा परीक्षेचा फॉर्म अडवला. हजेरी भरत नव्हती. वर्षभर तो सांगलीत खोली घेऊन राहिला होता, पण वर्गात बसण्यापेक्षा थेटरात आणि मिरज स्टेशनासमोरच्या हॉटेलात त्याचा वेळ जास्त गेला होता. पहिलंच वर्ष, तेही वाया.

त्याचे वडील हिंदुराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. तासगावच्या अलीकडं त्यांची उसाची जमीन होती. कॉलेजचं पत्र वाचून ते ओरडले नाहीत. सकाळच्या एस.टी.नं सांगलीला आले, ओळखीचे हळदीचे व्यापारी नानासो यांच्या पेढीवर तासभर बसले आणि मग पोराच्या खोलीवर गेले. लालासाहेब तेव्हा अंथरुणातच होता.

"उद्यापास्नं नानासोच्या वखारीत जायाचं," हिंदुराव म्हणाले. "गडी करत्यात ती समदी कामं करायची. कॉलेज उघडंपतूर."

"आन न्हाई गेलो तर?"

"तर गावाकडं ये. बैलामागं मानूस लागतोयच. मग कॉलेजचं नाव काढायचं न्हाई."

एवढं बोलून ते उभ्या उभ्याच निघून गेले. पोरानं चहा विचारला, तोही घेतला नाही.

नानासोची वखार हरिपूरच्या रस्त्याला होती. पुढं मोठं अंगण, मागं पत्र्याची शेड. शेतकरी हळद उकडून, वाळवून आणत, आणि ती अंगणात ढीग करून पडलेली असे. वाळलेली हळद दिसायला हळदीसारखी दिसत नाही. वर मातकट सालपट असतं, मुळ्यांचे केस असतात. ते घासून काढण्यासाठी शेडमध्ये तीन ड्रम होते. लोखंडी जाळीचं मोठं पिंप आडवं टांगलेलं, मधून दांडा गेलेला, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना हँडल. पिंपात हळद भरायची, झाकण लावायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी फिरवायचं. एकावर एक घासून हळकुंडं गुळगुळीत होतात, जाळीतून पिवळा धुरळा खाली पडतो. एका भरतीला घाणा म्हणत. एक घाणा म्हणजे तासभर फिरवणं, आणि दिवसाला सहा-सात घाणे निघायचे.

लालासाहेब पहिल्या दिवशी पांढरी पॅन्ट आणि टेरिलिनचा शर्ट घालून गेला. मुकादम पन्नाशीचा, काटकुळा माणूस होता. त्यानं पोराला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दुसरी पॅन्ट हाय का?"

"का?"

"ही पिवळी हुनार. धुऊन जात न्हाई."

"जाऊ दे."

"तुझी मर्जी. ह्या मधल्या ड्रमवर जा. सिद्धूच्या जोडीला."

सिद्धू सतरा वर्षांचा असेल. बनियन आणि गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी. मॅट्रिकचे पेपर देऊन तो मिरजेहून मामाकडं आला होता, आणि हा मामा म्हणजे मुकादमच. त्यानं लालासाहेबाकडं बघून मान हलवली नाही की काही विचारलं नाही. हँडल धरलं आणि वाट बघत उभा राहिला.

दुपारपर्यंत लालासाहेबाच्या दोन्ही तळहातांना फोड आले. घशात धुरळा गेला होता. शेडच्या कोपऱ्यात माठ होता, त्यावर पत्र्याचं झाकण आणि वर एक पितळी पेला. तो माठाकडं चालला होता, तेवढ्यात हळद निवडणाऱ्या बायकांतली एक हसून बोलली. बायडाबाई तिचं नाव. बायकांच्या टोळीची ती म्होरकी, आणि तिच्या तोंडाला वखारीत सगळे वचकून असत.

"मराठ्याच्या लेकरा, माठ धोंडिराम कांबळ्यानं भरलाय बरं का. मागनं म्हनशील, सांगितलं न्हाई."

लालासाहेब थांबला. कांबळे म्हटल्यावर सांगायचं काही उरलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी ही माणसं बौद्ध झाली होती, पण त्याच्या गावात अजून त्यांचा पाणवठा वेगळाच होता.

"दुसरा माठ कुठाय?" त्यानं विचारलं.

"हितं माठ एकच हाय," मुकादम धोंडिराम म्हणाला. तो बिडी ओढत बसला होता आणि त्यानं वर बघितलंही नाही. "आमीबी त्यातलंच पितोय, बायडाबाईबी पिती, नानासोबी पित्यात. नको असलं तर नळ रस्त्याला हाय. पर अर्ध्या तासात हातात हँडल पायजे."

लालासाहेब सायकल काढून रस्त्यावर गेला. नळाला पाणी नव्हतं. मग हॉटेल शोधलं, पाणी प्याला, भजी खाल्ली आणि तासाभरानं परत आला. ड्रम तसाच भरलेला उभा होता. सिद्धू त्याच जागी हँडलला टेकून होता. मालाअभावी हात बांधून बसलेल्या बायका सगळ्या मिळून त्याच्याकडं बघत होत्या.

"आलं बगा सुभेदार," बायडाबाई म्हणाली. "आता हळद आपसूक पिवळी हुईल."

त्या संध्याकाळी घाणा उशिरा निघाला आणि सगळ्यांनाच उशिरा सुटायला मिळालं. तो सायकलवर बसला तेव्हा कुणी त्याच्या सायकलीला वाटही दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो पाण्याची बाटली आणू लागला. आणि एक युक्तीही शिकला. हँडल दोन बाजूंना असतं, पण पिंप एकच. एकानं जोर लावला तर दुसऱ्याचं हँडल आपोआप फिरतं. नुसते हात ठेवले तरी बघणाऱ्याला वाटतं, दोघेही फिरवतायत. लालासाहेबानं हात ठेवले. तोंड मात्र कष्टाचं केलं. असे चार दिवस गेले. सिद्धूच्या मानेच्या शिरा ताठत, बनियन भिजून पिवळं होई, पण तो बोलत नव्हता. लालासाहेबाला वाटलं, ह्याला कळत नाही, किंवा कळलं तरी बोलायची हिंमत नाही. त्याच्या गावात अशी पोरं मोठ्या घरच्या पोरांना बोलत नसत.

पाचव्या दिवशी दुसरा घाणा अर्ध्यावर आला असताना सिद्धूनं हँडल सोडून दिलं.

माल पिंपात एका अंगाला वर चढलेला होता. धरणारं कुणी नाही म्हटल्यावर त्या वजनानं पिंप उलटं फिरलं आणि हँडलचा फटका लालासाहेबाच्या मनगटावर बसला. तो ओरडून खाली बसला. बायका उठून उभ्या राहिल्या.

"जानून केलं ह्यानं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं. "मारायला केलं."

धोंडिराम आला. "का सोडलंस?"

"नाक पुसायला," सिद्धू म्हणाला. "मला वाटलं, त्यानं धरलंया. त्यानं धरलं असतं तर मागं कशाला आलं असतं?"

बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. धोंडिरामानं लालासाहेबाचं मनगट हातात घेतलं, बोटं हलवून बघितली. लालासाहेबाला हात काढून घ्यावासा वाटला, पण दुखत होतं.

"मोडलं न्हाई," धोंडिराम म्हणाला. "चिंधी बांध. घाना पुरा करायचा हाय." मग भाच्याकडं वळून, "आन पुन्यांदा नाक पुसायचं झालं तर आदी तोंडानं सांगायचं. मानूस मेलं असतं."

त्या रात्री खोलीवर पडून लालासाहेबानं ठरवलं की गावाकडं जायचं. मग ठरवलं की नाही जायचं, आधी त्या पोराला दाखवायचं. सकाळी तो वेळेच्या आधी वखारीत पोचला. चिंधी बांधलेल्या हातानं त्यानं हँडल धरलं आणि जिवाच्या करारानं फिरवायला सुरुवात केली. सिद्धूला ते लगेच कळलं. त्यानंही वेग वाढवला. दोघंही दात खाऊन, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, पिंप गरागरा फिरवत राहिले. शेजारच्या ड्रमवरचा म्हातारा बिराप्पा आपलं काम थांबवून बघत उभा राहिला. पाऊण तासानं दोघांनी पिंप थांबवलं. झाकण उघडलं तर माल जवळजवळ भरला तसाच होता. सालपटं, केस, सगळं तसंच.

धोंडिरामानं एक हळकुंड उचललं, अंगठ्यानं घासलं आणि दोघांच्या पायाशी टाकलं.

"जत्रंतला पाळना हाय व्हय ह्यो? जोरात फिरीवलं की माल जाळीला चिकटून बसतोय, घासत न्हाई. वर जाऊन खाली पडला पायजे. कानानं ऐकायचं. सर्र झालं, धप्प झालं, मग पुढचा फेरा. परत भरा."

परत भरावं लागलं. तो दिवस दोघांनाही फार जड गेला. पण त्या दिवसापासून लालासाहेब ऐकायला लागला. हळद वर चढते तेव्हा पावसाच्या सरीसारखा आवाज येतो, कड्यावर थांबते तेव्हा क्षणभर काही ऐकू येत नाही, आणि मग ती एकदम कोसळते. त्या थांबण्याच्या क्षणी हात सैल सोडायचे आणि कोसळताना पुढं लोटायचं. हे कळलं तर अर्धी ताकद पुरते. सिद्धूला ते आधीच माहीत होतं. त्यानं सांगितलं नव्हतं. का सांगावं, हा प्रश्न लालासाहेबाला पडला नाही. त्याला फक्त राग आला की यानं सांगितलं नाही.

एप्रिल संपला. मधल्या ड्रमचा माल वेगळा दिसू लागला. शेवटच्या टप्प्यात हळदीची पूड पाण्यात कालवून पिंपात शिंपडायची असते, म्हणजे वरून एकसारखा रंग चढतो. त्या वेळी हात अडखळला तर डाग पडतात. यांच्या घाण्याला डाग पडत नव्हते. एकदा सोलापूरकडचा एक व्यापारी आला, त्यानं तिन्ही ढिगांतून मूठ मूठ उचलली आणि मधल्या ढिगाशीच उभा राहिला. नानासोनं विचारलं, ह्यो कुनाचा? धोंडिराम म्हणाला, ह्या दोन पोरांचा. लालासाहेबानं नकळत सिद्धूकडं बघितलं. सिद्धू दुसरीकडं बघत होता.

दोघांचं बोलणं चार शब्दांचं होतं. घे, थांब, सोड, झालं. त्यापलीकडं काही नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी बाटलीतलं पाणी संपलं. पत्रा तापून शेडमध्ये भट्टी झाली होती. लालासाहेब काही क्षण उभा राहिला, मग माठाकडं गेला, पेला बुडवला आणि प्याला. दुसरा पेला भरून तोही प्याला. बायकांचे हात थांबले होते. त्याला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी चांगलं बोलेल.

सिद्धू उठला. त्यानं लालासाहेबाच्या हातातून पेला घेतला, अंगणात नेला, मूठभर राख घेऊन आतून-बाहेरून घासला, धुतला आणि परत माठावर पालथा ठेवला.

लालासाहेबाच्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या. "काय केलंस ह्ये?"

"कुनाचं उष्टं आमी पीत न्हाई," सिद्धू म्हणाला.

"मी कोन हाय म्हाईत हाय का तुला?"

"म्हाईत हाय. म्हनून तर राख घेतली."

लालासाहेब पुढं झाला. धोंडिराम मध्ये आला, पण त्यानं हात कुणालाच लावला नाही. "पानी लांबनं आनाय लागतंय, सिद्धू," तो म्हणाला. "पेला धुन्यात घालवू नगंस." आणि लालासाहेबाला म्हणाला, "तहान भागली न्हवं? चल मग. ड्रम थंड पडला."

त्या दिवशीचे तीन घाणे त्यांनी एकमेकांचं तोंड न बघता काढले. एकाही घाण्याला डाग नव्हता.

पुढच्या आठवड्यात हिंदुराव आले. बरोबर लालासाहेबाचा चुलतभाऊ नाथाजी होता. नाथाजी मॅट्रिकला दोनदा बसून घरी राहिलेला, गुटगुटीत, बोलघेवडा. दोघं अंगणात आले तेव्हा मधल्या ड्रममध्ये नुकतंच पुडीचं पाणी शिंपडलं होतं.

"लाला," हिंदुरावांनी हाक मारली.

लालासाहेबानं मान वळवली, पण हात थांबवले नाहीत. "आबा, थांबा जरा. घाना शेवटाला आलाय."

हिंदुराव उन्हात उभे राहिले. फौजेतला माणूस, त्यांना हे आवडलंही असावं. पोराचे दंड भरले होते, पाठ सरळ झाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. झाकण उघडून माल ओतल्यावर लालासाहेब घाम पुसत पुढं आला. तेवढ्यात मागून धोंडिराम म्हणाला, "लाला, घाना वतलास, पर ड्रम झाडला न्हाईस. आदी झाड, मग बोलत बस." लालासाहेब मुकाट्यानं मागं फिरला आणि ड्रम झाडायला लागला.

"ह्यो मुकादम कोन?" हिंदुरावांनी नानासोंना विचारलं. नानासो पेढीतून बाहेर आले होते.

"धोंडिराम कांबळे. बारा वर्सं हाय माझ्याकडं."

हिंदुरावांचं हसू गेलं. "आन त्यो दुसरा पोरगा?"

"त्याचा भाचा."

"नानासो, मी पोराला कामाला लावा म्हनलो हुतो. ह्या लोकांच्या हाताखाली लावा म्हनलो न्हवतो. उद्या भावकीला काय सांगू मी? माझं पोरगं महारवाड्यातल्या पोराच्या खांद्याला खांदा लावून उभं हाय म्हनून?"

ते हळू बोलले नाहीत. शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. बिराप्पाचा ड्रम थांबला. सिद्धू चार हातांवर पोत्याचं तोंड शिवत होता. दाभण हातात तसंच राहिलं.

नानासो घसा खाकरून म्हणाले, "सुभेदार, मुकादम बदलनार न्हाई. त्याच्यावर वखार चालतीया. पर जोडी बदलता यील. तुमचा ह्यो पुतन्या रिकामाच हाय न्हवं? त्याला घाला लालाच्या जोडीला."

हिंदुरावांनी मुलाकडं बघितलं. "काय रं? तुझं काय म्हननं हाय?"

लालासाहेब झाडू हातात घेऊन उभा होता. काय म्हणायचं ते त्याला माहीत होतं. या ड्रमवर ही जोडी बसलीय, ती मोडू नका, एवढंच म्हणायचं होतं. त्यात जातीचंही काही नव्हतं, कामाचंच होतं. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते, बायडाबाईसुद्धा. त्यानं वडिलांच्या डोळ्यांकडं बघितलं.

"तुमी म्हनाल तसं," तो म्हणाला.

सिद्धूनं दाभण पोत्यात खुपसलं, सुतळी दातांनी तोडली, आपली लुंगी खोचली आणि एक गडी कमी असलेल्या तिसऱ्या ड्रमवर जाऊन उभा राहिला. त्याच्या मामानंही त्याला तिथं जायला सांगितलं नव्हतं.

नाथाजी मोठ्या हौसेनं हँडलला लागला. पहिल्याच घाण्यात लालासाहेबाच्या खांद्यात कळ आली. त्याला वाटलं, माल जास्त भरला असेल. दुसऱ्या घाण्यालाही तसंच. तिसऱ्याला त्यानं पलीकडं नीट बघितलं. नाथाजीचे हात हँडलवर होते. हात फिरत होते. तोंड कष्टाचं होतं.

"जोर लाव की," लालासाहेब म्हणाला.

"लावलाय की गड्या. तुज्या बाजूचा दांडा जड दिसतोय."

असे चार दिवस लालासाहेबानं स्वतः काढले होते, आणि पलीकडं उभ्या राहिलेल्या पोरानं एक शब्द काढला नव्हता. रात्री त्याचे दोन्ही दंड सुजले. जुन्या घट्ट्यांखाली नवे फोड आले. सकाळी उठून लोटा धरताना बोटं मिटेनात. आठ दिवस त्यानं नाथाजीला समजावलं, ऐकायला शिकवलं, शिव्या दिल्या. नाथाजी हसायचा, तंबाखू मळायला थांबायचा, लघवीला गेला की अर्धा तास यायचा नाही. मालाला डाग पडू लागले. बायडाबाई डाग पडलेली हळकुंडं सुपात घेऊन यायची आणि त्याच्या पायापाशी ओतायची. बोलायची काही नाही, आणि तेच जास्त लागायचं.

शेवटी एका संध्याकाळी तो धोंडिरामाकडं गेला. पहिल्यांदाच त्यानं त्याला मान देऊन हाक मारली.

"मुकादम, सिद्धूसंगं मला परत लावा."

धोंडिराम बिडीचं थोटूक विझवत म्हणाला, "मला काय इचारतोस? जोडी मी मोडली न्हाई. त्याला इचार."

सिद्धू हात-पाय धूत होता. लालासाहेब त्याच्या मागं जाऊन उभा राहिला.

"परत मधल्या ड्रमवर यतोस का?"

"न्हाई."

"नाथाजी काम करत न्हाई. समदा भार माझ्यावर पडतोय."

"म्हाईत हाय. बगतोय मी."

"मग?"

सिद्धू वळला. पाण्यानं भिजलेल्या त्याच्या तोंडावर पिवळे ओघळ होते. "चौथ्या दिशी मी मामाला म्हनलो हुतो, ह्याला बदल, माझ्या हाताला रगत आलंया. मामा म्हनला, शिकंल त्यो, जरा कळ काड. मी काडली. तू शिकलास. मग तुझा बा आला, आन तू म्हनलास, तुमी म्हनाल तसं."

"मला बोलाय आलं न्हाई त्या वक्ताला."

"ड्रमवर बोलाय येतंय की. घे म्हनतोस, सोड म्हनतोस. तसं बालाबी जरा थांबा म्हनायचं हुतंस." त्यानं खांद्यावरचा टॉवेल झटकला. "जा. आता नाथाजीला शिकीव. तुझाच मानूस हाय."

दुसऱ्या दिवशी घाणा अर्ध्यावर असताना नाथाजीनं पुन्हा नुसते हात ठेवले. लालासाहेबाला वाटलं, सोडून द्यावं हँडल, बसू दे फटका. त्यानं सोडलं नाही. हळूहळू पिंप थांबवलं, माल खाली बसू दिला, आणि पलीकडं जाऊन नाथाजीची गचांडी धरली.

"फिरवायचं असलं तर फिरीव. न्हाईतर घरला जा."

"सोड की," नाथाजी म्हणाला. "लय दीस ह्या लोकांत राहिलास, त्यांच्यावानी बोलाय लागलास. काकाला सांगू का?"

लालासाहेबानं त्याला ढकललं. नाथाजी हळदीच्या ढिगावर पडला, उठला, कपडे झटकत बाहेर गेला आणि दुपारची एस.टी. धरून गावाला निघून गेला.

मधल्या ड्रमवर आता एकटाच माणूस राहिला. दुसरा गडी मिळत नव्हता. लालासाहेबानं धोंडिरामाला विचारलं, अर्धा माल भरून एकट्यानं फिरवला तर चालेल का? धोंडिराम म्हणाला, "चालंल. पर घाने दुप्पट हुतील." लालासाहेब म्हणाला, "हुंदेत."

अर्ध्या मालाचा आवाज वेगळा असतो. तो त्याला नव्यानं शिकावा लागला. हँडल एका बाजूनं फिरवताना दांडा तिरका ओढतो, म्हणून तासाला बाजू बदलावी लागे. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं. बिराप्पा एकदा मदतीला आला, तर त्यानं नको म्हणून सांगितलं. बिराप्पा म्हणाला, "माज हाय व्हय रं?" लालासाहेब हँडल फिरवत राहिला. सिद्धू शेजारच्या ड्रमवरून रोज हे बघत होता. मदतीला आला नाही, हसलाही नाही.

असे बारा दिवस गेले आणि हळदीचा हंगाम संपला. शेवटच्या दिवशी धोंडिरामानं मधल्या ढिगातलं एक हळकुंड उचलून अंगठ्यानं घासलं आणि परत ढिगात टाकलं. "डाग न्हाई," तो म्हणाला. लालासाहेबाला अजून काहीतरी ऐकायचं होतं. धोंडिराम तेवढ्यात पोती मोजायला निघून गेला.

लालासाहेब गावाला गेला तेव्हा हिंदुराव बोलत नव्हते. नाथाजीनं जे सांगायचं ते सांगितलं होतं. दोन दिवस बाप-लेक एका पंगतीला बसून गप्प जेवले. तिसऱ्या दिवशी लालासाहेबच म्हणाला,

"आबा, त्या दिशी तुमी इचारलंत तवा मी खोटं बोललो. मला त्या पोराबरुबरच काम करायचं हुतं."

हिंदुरावांचा घास हातात राहिला. "का?"

"त्याच्यावानी दुसरा कोन फिरवत न्हाई."

"तुला लाज वाटत न्हाई?"

"वाटतीया. त्या दिशी बोललो न्हाई त्याची."

हिंदुराव ताटावरून उठले आणि हात धुवायला बाहेर गेले. आईनं लालासाहेबाकडं बघितलं. त्यानं आपलं ताट संपवलं. वडील त्यानंतर पंधरा दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले, पण कॉलेजला जाऊ नको असं म्हणाले नाहीत.

जूनच्या अखेरीला कॉलेज उघडलं. लालासाहेब पुन्हा पहिल्याच वर्षाला बसला. वर्गात शिरला तर तिसऱ्या बाकावर सिद्धू होता, मॅट्रिक पास होऊन आलेला. धुतलेला पांढरा शर्ट, नवी वही. शेजारची जागा रिकामी होती.

लालासाहेब बाकापाशी गेला. "हितं बसू का?"

सिद्धूनं वर बघितलं. "काय काम हाय?"

"काम काय न्हाई."

"मग दुसरीकडं बस."

आजूबाजूची पोरं बघत होती. लालासाहेब मागच्या बाकावर जाऊन बसला, वही काढली आणि प्राध्यापक यायची वाट बघू लागला.